जुने घड्याळ घेताना

जुन्या बाजारात फिरताना पुष्कळ वस्तूंचे वय डोळ्यांना लगेच कळते. तांब्याच्या भांड्याला पोचा आला असेल तर तो दिसतो, सायकलीचा गंज दिसतो, खुर्चीचा पाय हलतो की नाही हे तिच्यावर बसून पाहता येते. मनगटी घड्याळाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचे सारे गुणदोष झाकणाखाली दडलेले असतात. वर दिसते ती केवळ तबकडी, आणि तबकडी तर पुन्हा रंगविता येते. जुन्या घड्याळांच्या व्यापारातील बहुतेक फसवणूक आणि बहुतेक खरीखुरी स्वस्ताई या दोन्ही गोष्टी येथूनच निघतात. म्हणून स्वस्तात घड्याळ मिळवावयास निघालेल्याने भाव करावयास शिकण्यापूर्वी घड्याळ पाहावयास शिकले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा विषय शाळेच्या वार्षिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत किल्लीची जुनी घड्याळे वापरण्याची हौस तरुणांत पुन्हा दिसू लागली आहे. हजिऱ्याच्या कारखान्यात रात्रपाळीला जाणाऱ्या वडिलांच्या खिशातील मोबाइल सेकंदाचाही फरक न करता वेळ सांगत असताना, त्यांच्या मुलाला आजोबांच्या हातावर होते तसले घड्याळ हवेसे वाटावे, ही मोठी गंमतच आहे. हौसेला मोल नसते असे म्हणतात. परंतु हौस पुरविणाऱ्या बाजाराला मोल चांगलेच कळते! शिवाय खानदेशातून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून पोटापाण्यासाठी सुरतेकडे आलेल्या मराठी कुटुंबांत, जुन्या ट्रंकेच्या तळाशी किंवा कपाटाच्या खणात बंद पडलेले एखादे घड्याळ बहुधा सापडतेच. ते भंगारात द्यावे, विकावे, की दुरुस्त करावे, हे ठरविण्यासाठीही थोडी माहिती हवी.

हजिऱ्याला वेळेचे महत्त्व कारखान्यांमुळे आले असे मात्र कोणी समजू नये. खंबायतच्या आखातातील भरती-ओहोटी देशातील सर्वांत मोठ्यांपैकी आहे, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे तापीच्या मुखाशी होडी घालणाऱ्याला वेळेचा हिशेब ठेवणे भागच होते. शेजारच्या सुवालीच्या किनाऱ्यासमोर १६१२ साली इंग्रज व पोर्तुगीज यांच्या जहाजांची लढाई झाली, आणि १६१५ साली सर टॉमस रो तेथेच उतरून पुढे जहांगीर बादशहाच्या दरबारी गेला. त्या काळच्या जहाजांवर वेळ मोजली जाई ती वाळूच्या घड्याळाने. खिशात ठेवण्याची घड्याळे युरोपात तेव्हाही होती. पण त्यांतील बहुतेकांना मिनिटकाटाच नसे, कारण दिवसाकाठी ती सहज पाव-अर्धा तास चुकत असत. १६७५ साली हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने केसासारखी बारीक, वेटोळी कमान घड्याळातील झुलत्या चाकाला जोडण्याची युक्ती प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे मिनिटे दाखविण्यात काही अर्थ आला. सुरत शहरात सार्वजनिक घड्याळाचा मनोरा उभा राहिला तो १८७१ साली. ८० फूट उंचीचा हा मनोरा खानबहादूर बरजोरजी मेरवानजी फ्रेझर यांच्या खर्चाने बांधला गेला. ज्याच्याजवळ स्वतःचे घड्याळ नाही त्याने, म्हणजे त्या वेळच्या जवळजवळ साऱ्या शहराने, मान वर करून वेळ पाहावी अशी ती सोय होती.

हायगेन्सची ती बारीक कमान हाच आजही किल्लीच्या घड्याळाचा प्राण आहे. आपण किल्ली देतो तेव्हा आतील डबीतली मोठी कमान आवळली जाते, आणि ती सैल होताना दातेरी चाकांची एक रांग फिरवू पाहते. चाकांना मनसोक्त फिरू दिले तर साठविलेली सारी शक्ती काही क्षणांतच संपून जाईल. म्हणून रांगेच्या शेवटी एक अडसर बसविलेला असतो आणि तो एका वेळी एकच दाता सोडतो. दाता केव्हा सोडावयाचा हे ठरविते ते झुलते चाक. घड्याळजी त्याला ‘बॅलन्स’ म्हणतात. पुष्कळशा जुन्या मनगटी घड्याळांत हे चाक तासाला १८,००० झोके घेते, म्हणजे सेकंदाला ५ आणि दिवसाला ४,३२,०००. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. एखादे साठ वर्षांचे घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट चुकत असेल तर त्याची चूक हजारात एक भागाहूनही कमी झाली. इतक्या झोक्यांत इतकीच चूक करणाऱ्या यंत्राला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्यापैकी किती जणांना आहे, कोण जाणे!

ही चाके ज्या टोकांवर फिरतात तेथे झीज होऊ नये म्हणून कठीण खड्यांचे बारीक छिद्रयुक्त तुकडे बसवितात. तबकडीवर ‘१७ ज्युएल्स’ असे लिहिलेले असते ते यांविषयी. विक्रेता कधी कधी मोठ्या गंभीरपणे सांगतो की, “साहेब, आत सतरा माणके आहेत.” ती माणके आहेत हे खरे; पण ती कारखान्यात तयार झालेली असतात. व्हेर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली कृत्रिम माणिक करण्याची रीत जाहीर केल्यापासून त्यांची किंमत अगदी किरकोळ झाली आहे. तेव्हा सतरा खड्यांचा अर्थ घड्याळाची रचना चांगली आहे, इतकाच घ्यावा. खड्यांसाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

आता आपल्या बाजारात येणारी जुनी घड्याळे येतात कोठून, हे पाहू. त्यांचे दोन मुख्य प्रवाह आहेत. पहिला स्वित्झर्लंडचा. फाव्र-ल्यूबा हे स्विस घराणे १८६५ साली मुंबईत व्यापारासाठी आले. ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ हे नाव १८८६ पासून चालत आले. तिच्या घड्याळांवर कंपनीच्या नावाखाली मुंबई आणि कलकत्ता ही शहरांची नावेही छापलेली आढळतात. तिच्या एका प्रसिद्ध घड्याळाचे नाव ‘सोवार’, म्हणजे आपला घोडेस्वारातला स्वार! पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाकडे गेलेल्या हिंदी फौजेत ही घड्याळे पुष्कळ खपली. रोमर, कॅमी, हेन्री सँडोझ ही नावेही जुन्या माणसांच्या ओळखीची आहेत.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई भासू लागली आणि परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने आली. बंधन आले की चोरवाट निघते. आपल्या दक्षिणेस असलेले दमण १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते, आणि या सबंध किनाऱ्यावर सोन्याबरोबर घड्याळेही चोरून उतरविली जात. हा व्यापार किती मोठा असेल याची कल्पना १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यावरून येते. चोरट्या आयातीच्या संशयाने जप्त केलेला माल तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडून तो जप्त केला त्याच्यावर टाकणारे एक कलम त्या कायद्यात आहे, आणि त्यात सोन्याच्या जोडीला घड्याळांचे नाव स्पष्टपणे घातलेले आहे.

दुसरा प्रवाह आपल्या देशातला. बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली मनगटी घड्याळे बनविण्यास आरंभ केला. पंडित नेहरूंच्या हस्ते ती लोकांपुढे आली. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि राणीबाग येथेही कारखाने निघाले. जनता, जवान, पायलट, कोहिनूर, सोना, तरुण, आणि हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारे कांचन, ही नावे एके काळी घरोघरी ठाऊक होती. मॅट्रिक पास झालेल्या मुलाला किंवा लग्नात जावयाला एच. एम. टी. द्यावयाचे हा रिवाजच पडला होता. अंध व्यक्तींसाठी बोटांनी चाचपून वेळ कळेल असेही घड्याळ या कारखान्याने काढले. सर्वांत साधे ते ‘जनता’. त्याचा एक प्रकार देवनागरी अंकांचा होता, आणि तो आज संग्राहकांच्या विशेष आवडीचा झाला आहे.

मग क्वार्ट्झ आले. गारेच्या जातीच्या स्फटिकाचा बारीक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून वेळ मोजली जाते. असे पहिले मनगटी घड्याळ सेको या जपानी कंपनीने १९६९ च्या डिसेंबरात विक्रीस ठेवले. आपल्याकडे १९८७ पासून टायटनची घड्याळे दुकानांत आली, आणि किल्ली देण्याची सवय हळूहळू सुटली. एच. एम. टी.च्या घड्याळ कंपन्या बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ च्या जानेवारीत मंजुरी दिली. त्या नावाची घड्याळे थोड्या प्रमाणावर त्यानंतरही विकली गेली. परंतु पूर्वीचा तो प्रचंड पसारा आटोपला. तोवर दहा कोटींहून अधिक घड्याळे त्या कारखान्यांतून बाहेर पडली होती. तेव्हा जुने एच. एम. टी. ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. जो विक्रेता ‘असे पुन्हा मिळणार नाही’ म्हणतो, त्याच्यापुढे हा आकडा मनातल्या मनात आठवावा.

मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर, पुण्याच्या बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, अहमदाबादेत साबरमतीकाठच्या रविवारच्या गुजरीत अशी घड्याळे ढिगांनी पाहावयास मिळतात. सुरतेतही शोधक नजरेला ती सापडतातच. या ढिगांत पहिल्याने लक्ष वेधून घेतात ती केशरी, पोपटी, मोरपंखी अशा भडक तबकड्यांची, नुकतीच कारखान्यातून आल्यासारखी चकचकीत घड्याळे. देशोदेशीच्या संग्राहकांनी या मालाला ‘मुंबई स्पेशल’ असे नाव ठेवले आहे, आणि ते कौतुकाने ठेवलेले नाही. निरनिराळ्या मोडक्या घड्याळांचे सुटे भाग एकत्र करून, जुनी तबकडी खरवडून तीवर नवा रंग आणि नवे नाव छापून हा माल तयार होतो. एकाचे झाकण, दुसऱ्याचे यंत्र, तिसऱ्याचे काटे अशी ती सरळसरळ खिचडी असते. ती चालते, नाही असे नाही. ‘हे जुळवलेले घड्याळ आहे’ असे सांगून कोणी ते माफक किमतीला विकले तर त्यात गैर काही नाही. बनविणाऱ्याच्या हाती कसब आहे हेही मान्य केले पाहिजे. तक्रार आहे ती ‘अस्सल, कंपनीचे, साठ वर्षांपूर्वीचे’ असे सांगून चौपट दाम घेण्याबद्दल.

ही खिचडी ओळखावी कशी? पाच-दहा पट मोठे दाखविणारे भिंग जवळ असले की निम्मे काम होते. कारखान्यात छापलेली अक्षरे बारीक असूनही त्यांच्या कडा स्वच्छ असतात; पुन्हा रंगविलेल्या तबकडीवर शाई पसरलेली, ओळ किंचित तिरकी, मिनिटांच्या खुणांमधले अंतर कमीअधिक असे दिसते. क्वचित कंपनीच्या नावाचे स्पेलिंगही चुकलेले असते! स्विस घड्याळांत सहाच्या अंकाशी, अगदी कडेला देशाचे नाव बारीक अक्षरांत असते. रंगकाम करणाऱ्याने ते एक तर गाळलेले असते किंवा भलत्याच जागी घातलेले असते. मग काटे पाहावेत. मिनिटकाटा मिनिटांच्या खुणांपर्यंत पोहोचला पाहिजे आणि तासकाटा त्याच्याहून बराच आखूड असला पाहिजे. मिनिटकाटा मध्येच संपत असेल तर तो दुसऱ्या घड्याळाचा समजावा. पायलटची सर्वपरिचित तबकडी काळी आहे. लालभडक पायलट कोणी पुढे केला तर किंमत विचारण्याआधी भिंग काढावे. यानंतर झाकण उघडून दाखविण्याची विनंती करावी. आतील पट्टीवर कोरलेले नाव तबकडीवरच्या नावाशी जुळले पाहिजे. झाकण उघडावयास जो काचकूच करतो त्याला नमस्कार करून पुढे जावे, हे उत्तम.

परंतु या सर्वांहून सोपी कसोटी अशी की, घड्याळाच्या निरनिराळ्या अंगांचे वय एकमेकांशी जुळते का, हे पाहावे. ऐंशी वर्षांच्या आजोबांचे बत्तीसही दात मोत्यासारखे शुभ्र दिसले तर ती कवळी आहे हे लहान मूलही ओळखते. मग घासून झिजलेली कडी, गुळगुळीत झालेले झाकण आणि त्यावर डाग नसलेली लखलखीत तबकडी दिसली तर आपण भुलावे का?

गोष्ट येथे संपत नाही. जिच्यावर पिवळसर झाक आली आहे, कडेला दोन डाग आहेत, पण जिच्यावरचे एकही अक्षर कोणी बदललेले नाही अशी तबकडी जाणत्या माणसाला अधिक मोलाची वाटते. सामान्य गिऱ्हाईक मात्र तिला नाक मुरडते आणि चकचकीत मागते. मग विक्रेता काय करणार? तो ती जुनी तबकडीही खरवडून रंगविण्यास देतो. एकदा खरवडलेली तबकडी परत येत नाही. म्हणजे आपल्या चकचकीत आवडीपायीच अस्सल घड्याळे दर आठवड्याला थोडी थोडी नाहीशी होत आहेत. उलट, याच आवडीमुळे डाग पडलेले अस्सल घड्याळ ढिगाच्या तळाशी कमी किमतीत पडून राहते. खरी स्वस्ताई शोधावयाची ती तेथे.

घड्याळ अस्सल ठरले तरी ते चालते की नाही हा प्रश्न उरतोच. ‘हे बघा, चालू आहे’ असे म्हणून विक्रेता घड्याळ हलवून कानाशी धरतो. पण वाळलेल्या तेलाचे घड्याळही हलविले की थोडा वेळ टिकटिक करते. शक्य असेल तर पुरी किल्ली देऊन ते काही वेळ तबकडी वर करून, काही वेळ खाली करून, आणि काही वेळ उभे धरून पाहावे. एका स्थितीत चालून दुसऱ्या स्थितीत थांबत असेल तर झुलत्या चाकाच्या बारीक आसाला इजा झाली असण्याचा संभव असतो; घड्याळ हातातून पडले की बहुधा तोच मोडतो. किल्लीचे बोंड ओढून काटे फिरवून पाहावेत. बोंडाच्या दांडीवर तांबडा गंज दिसला तर सावध व्हावे, कारण ओल आत शिरते ती बहुतेक याच वाटेने. आपण समुद्रकाठी राहतो. येथील खारट, दमट हवेत वर्षानुवर्षे उघड्या खणात पडलेल्या घड्याळाचे काय होत असेल हे दाराच्या कड्या पाहून समजते.

एक दोष मात्र असा आहे की, तो पाहून अजाण गिऱ्हाईक घड्याळ टाकून देते आणि जाणते मनातून खूष होते. घड्याळ मागे न पडता तासाला कित्येक मिनिटे पुढे धावत असेल, तर पुष्कळदा ते चुंबकित झालेले असते. ती बारीक कमान पोलादी जातीची असते. तिच्यात चुंबकत्व शिरले की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, कमान जणू आखूड होते आणि चाक भराभर झोके घेऊ लागते. ध्वनिवर्धक, मोटारी, लोखंड उचलणारे विद्युत्चुंबक यांच्या आसपास वावरणाऱ्यांच्या घड्याळांना हा विकार जडतो. विद्यार्थ्यांनी याची परीक्षा शाळेतल्या होकायंत्रावर करून पाहावी. साधे पोलाद सुईची दोन्ही टोके जवळ ओढते. घड्याळाच्या एखाद्या बाजूने सुईचे एक टोक दूर लोटले गेले तर चुंबकत्व आहे हे निश्चित. प्रतिसारण हीच चुंबकत्वाची खरी कसोटी, हे शास्त्राच्या तासाला पाठ केलेले वाक्य येथे पैसे वाचविते! घड्याळजीजवळ चुंबकत्व घालविण्याचे लहानसे उपकरण असते. काम काही क्षणांचे असते.

आता हिशेब. समजा, एक बंद पडलेले घड्याळ आपण घासाघीस करून ६०० रुपयांना घेतले. ते पुरे खोलून, धुऊन, तेल घालून घेण्यास ५०० रुपये लागले, काच बदलण्यास १०० आणि पट्ट्याला १५०. एकूण झाले १,३५० रुपये. त्याच जातीचे, साफ करून तपासलेले घड्याळ एखादा ओळखीचा घड्याळजी १,२०० ला देत असेल आणि ‘बिघडले तर घेऊन या’ असे सांगत असेल, तर स्वस्त कोणते? बाजारातला भाव हा घड्याळाच्या किमतीचा पहिला हप्ता असतो. दुसरा हप्ता घड्याळजीकडे भरावयाचा असतो, आणि तो किती होईल हे आधी विचारता येते. नवशिक्याने या दृष्टीने नामांकित स्विस घड्याळाच्या मागे न लागता साधे एच. एम. टी. घ्यावे. त्यांच्या किती तरी प्रकारांत एकाच जातीचे यंत्र घातलेले असल्यामुळे एका मेलेल्या घड्याळाचा भाग दुसऱ्याला जगवू शकतो. अनोळखी स्विस घड्याळाचे एक चाक मिळविण्यासाठी मात्र वर्षभर वाट पाहण्याची तयारी हवी.

एका बाबतीत पालकांनीही लक्ष घालावे. १९६० च्या आसपासपर्यंतच्या अनेक घड्याळांत काटे व अंक अंधारात चमकावेत म्हणून खऱ्या रेडियमचा लेप लावीत. आपल्याकडे हल्ली मोटारीवरच्या कोणत्याही चमकत्या पट्टीला ‘रेडियम’ म्हणतात, तिचा आणि याचा काही संबंध नाही. अमेरिकेत १९२० च्या सुमारास असा लेप लावणाऱ्या कामगार मुली कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. त्यांतील कित्येकींना जबड्याचे आणि हाडांचे भयंकर रोग होऊन मृत्यू आला. असा लेप आता चमकत नाही, म्हणून तो निर्जीव झाला असे समजू नये. चमकणारा पदार्थ थकतो. रेडियमचे अर्धे आयुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षांचे आहे. काच बंद असलेले घड्याळ पेटीत असण्याने घाबरण्याचे कारण नाही. पण तपकिरी पडलेला, भुसभुशीत झालेला असा लेप मुलांनी उघडून खरवडू नये, त्याची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. असे घड्याळ नवशिक्याने घेऊच नये, हे बरे.

भाव करण्याविषयी थोडेसे. पदपथावर बसणारा विक्रेता दुप्पट सांगतो आणि गिऱ्हाईक निम्म्याने मागते, हा दोघांनाही ठाऊक असलेला खेळ आहे. त्यात कोणी कोणाला फसवीत नाही. पण समोरची व्यक्ती विक्रेता नसून एखादी वृद्ध शेजारीण असेल, यजमानांचे घड्याळ तिने विकावयास काढले असेल आणि त्याची किंमत तिला ठाऊक नसेल, तर तेथे गप्प राहून ते पन्नास रुपयांना पदरात पाडून घेण्याला स्वस्ताई म्हणत नाहीत. त्याला दुसरा शब्द आहे. तसेच, अगदी नवे, भारी घड्याळ कोणी अंधारात नगण्य किमतीला पुढे केले तर ते कोठून आले असेल हा विचार आधी करावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे.

आणि बाजारात जाण्यापूर्वी घरातली ट्रंक पाहावी. तेथे सापडलेल्या घड्याळाची तबकडी कोणी रंगविलेली नसते, ते कोणाचे होते हे ठाऊक असते आणि पहिला हप्ता आजोबांनी कधीच भरलेला असतो. रद्दीबरोबर ते वजनावर देऊन टाकण्याचा प्रकार मी पाहिला आहे. त्याच आळीत महिनाभराने एका मुलाने तसलेच एक रंगविलेले घड्याळ पंधराशेला आणले होते. सापडलेल्या घड्याळाला उत्साहाने किल्ली पिळू नये. तेल वाळलेले असताना ते चालविले तर चाकांची टोके झिजतात. ते प्रथम घड्याळजीकडे न्यावे आणि त्याच्या बाकाजवळ उभे राहून उघडताना पाहावे, तेवढी परवानगी तो बहुधा आनंदाने देतो. झाकणाच्या आतल्या बाजूस टाचणीने कोरल्यासारख्या बारीक खुणा असतील तर भिंगातून त्या वाचाव्यात. पूर्वीचे घड्याळजी दुरुस्तीनंतर तेथे आपली खूण आणि पुष्कळदा तारीखही कोरून ठेवीत. शेवटची तारीख कोणती आहे यावरून घड्याळाला किती वर्षे तेल मिळालेले नाही हे समजते, आणि दुरुस्तीला किती खर्च येईल याचा अंदाज घड्याळजी त्यावरूनच बांधू लागतो.